पाऊण आणि सव्वा मिळून दोन: स्वयंपाकघरातल्या मापांची बेरीज-वजाबाकी

दिवाळीच्या आठ दिवस आधी रात्री साडेनऊला भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिच्याकडे दुपारचे बारा. कढई गॅसवरून उतरवलेली, बेसन कोमट झालेलं आणि ही अडकलेली. "मावशी, तुझ्या वहीत पाऊण कप पिठीसाखर लिहिलीय. माझ्या हाताला एक तृतीयांशचा कप लागला, तेवढी मी घालून बसले. आता अजून किती घालू?" मी म्हटलं, "पाव कप घाल, वर दोन मोठे चमचे आणि दोन लहान चमचे." ती म्हणाली, "एवढ्यात कसं सांगितलंस?" लाडू वळून होईपर्यंत तिला फोनवर समजावलं. तेच इथे नीट लिहून काढते आहे.

मी डोंबिवलीत चौदा वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवाळीत हाताखाली तीन जणी असतात. तिघींनाही मापं मी पाटीवर लिहून देते आणि तिघींकडूनही ती परत म्हणवून घेते. त्याला एक कारण घडलं होतं.

पहिल्याच वर्षी बेसनाचे लाडू करताना मी नमुन्याचा छोटा घाट घातला. साखर आधी १/२ कप घातली, चव घेतली, कमी वाटली, मग १/३ कप आणखी घातली. छान झाले. रात्री अकरा वाजता वहीत लिहिताना मी बेरीज केली: वरचे एक आणि एक दोन, खालचे दोन आणि तीन पाच. म्हणून २/५ कप. दुसऱ्या दिवशी त्याच्या चौपट प्रमाण घेतलं, चाळीस लाडू वळले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि विचारलं, "यात साखर घालायची राहिली का गं?" चाळीसच्या चाळीस लाडू फोडले, जवळजवळ पावणेदोन कप साखर आणखी मळली आणि पुन्हा वळले.

चूक कुठे झाली ते आकडे तोंडाने म्हटले की लगेच दिसतं. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. अर्धा कप तर मी आधीच घातला होता, त्यात भर टाकून उत्तर अर्ध्यापेक्षा कमी येईलच कसं? तेव्हापासून बेरीज केली की मी पहिलं हेच बघते: उत्तर घातलेल्या प्रत्येक मापापेक्षा मोठं आहे ना? वजाबाकीत उलटं. काढल्यावर जे उरलं ते आधीपेक्षा कमी आहे ना? एवढी तपासणी केली असती तरी ते लाडू फोडावे लागले नसते.

अपूर्णांकात खालचा आकडा, म्हणजे छेद, तुकडा केवढा आहे ते सांगतो. वरचा आकडा, अंश, असे तुकडे किती आहेत ते सांगतो. तुकडे एकाच मापाचे असले तरच ते मोजून एकत्र करता येतात. दोन पोळ्या आणि तीन भाकऱ्या मिळून पाच पोळ्या होत नाहीत, तसंच अर्ध्याचे आणि तिसऱ्या हिश्श्याचे तुकडे सरळ मिळवता येत नाहीत. शाळेत याला समच्छेद करणं म्हणतात. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ एवढाच की आधी सगळं एकाच लहान तुकड्यात मोडायचं आणि मग मोजायचं.

आपल्या घरात तो लहान तुकडा बहुतेक वेळा पाव असतो. आणि या बाबतीत मराठीने आपली फार मोठी सोय करून ठेवली आहे. पाऊण हा शब्द 'पादोन' वरून आला, म्हणजे पाव उणा. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. सव्वा म्हणजे 'सपाद', पावासकट. साडे म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासकट. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय', तिसरा अर्धाच घेतलेला. बेरीज आणि वजाबाकी शब्दाच्या पोटातच बसलेली आहे. मुलं आता 'वन पॉइंट सेव्हन फाइव्ह' म्हणतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. पावणेदोन म्हटलं की डोळ्यांसमोर दोन वाट्या येतात, एक भरलेली आणि एकीला पाव कमी. 'वन पॉइंट सेव्हन फाइव्ह' ने डोळ्यांसमोर काही येत नाही.

तर प्रत्येक मापाचे पाव किती ते पाठ करायचे. पाव म्हणजे १, अर्धा २, पाऊण ३, एक ४, सव्वा ५, दीड ६, पावणेदोन ७, दोन ८, सव्वादोन ९, अडीच १०, पावणेतीन ११, तीन १२. पुढे दर पूर्ण वाटीला चार वाढवत जायचं. एवढं आलं की अपूर्णांक उरतच नाहीत, साधे आकडे उरतात. पाऊण आणि सव्वा: ३ आणि ५, आठ पाव, म्हणजे दोन. दीड आणि पावणेदोन: ६ आणि ७, तेरा पाव. तेरात चार तीनदा जातात आणि एक उरतो, म्हणजे सव्वातीन.

आमची चकलीची भाजणी बघा. तांदूळ तीन वाट्या, हरभऱ्याची डाळ दीड वाटी, उडदाची डाळ पाऊण, मुगाची डाळ अर्धी, पोहे पाव, धने पाव. जिरं वेगळं, ते चमच्याने. गिरणीत न्यायचा माझा डबा सहा वाट्यांचा आहे. भाजणी त्यात मावेल का? पाव मोजा: १२, ६, ३, २, १, १. बेरीज २५. चोवीस पाव म्हणजे सहा वाट्या, एक पाव जास्त. सव्वासहा. मावणार नाही, मोठा डबा घ्यायचा. (दळून आणल्यावर पीठ फुगलेलं असतं, सव्वासहा वाट्यांपेक्षा जास्त भरतं. म्हणून मोहन धरताना पीठ पुन्हा मोजा, धान्याच्या मापावर जाऊ नका.)

एकच माप पुन्हा पुन्हा मिळवायचं असेल तर जुन्या माणसांकडे त्याचेही पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन, 'औट घटकेचं राज्य' मधला तोच. माझ्या आईला पाऊणकी येत होती. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. शिऱ्याचं प्रमाण तिप्पट करायचं असलं की ती थांबतसुद्धा नसे. सगळे पाढे आज कोणी पाठ करणार नाही, पण पाऊणकी दहापर्यंत करून ठेवा. रोज उपयोगी पडते.

वजाबाकीला दोन वाटा आहेत. पहिली तीच, पाव मोजायची. चिक्कीला सव्वादोन वाट्या गूळ लिहिलाय, आपल्याला पाऊण वाटी कमी हवाय: ९ मधून ३ गेले, ६ पाव, दीड वाटी. दुसरी वाट वाण्याची. वाणी सुटे पैसे परत देताना वजाबाकी करत नाही, किमतीपासून वर मोजत जातो. तसंच करा. रवा अडीच वाट्या हवाय, डब्यात पावणेदोन निघाला. पावणेदोनावर पाव टाकला की दोन झाले, अर्धा टाकला की अडीच. पाव आणि अर्धा, म्हणजे पाऊण वाटी कमी पडतोय. घाईत मला हीच रीत जास्त भरवशाची वाटते, कारण यात उसनं घ्यावं लागत नाही.

उसनं घेणं म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र मला आईच्या मापट्यांनी शिकवलं. तिच्याकडे पितळी मापांचा संच होता: शेर, मापटं, चिपटं, कोळवं. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. म्हणजे मापटं अर्धा शेर, चिपटं पाव आणि कोळवं शेराचा आठवा भाग. मापट्याच्या काठाला एक पोचा होता आणि आत तांदळाची पांढरी भुकटी कायम बसलेली असे. शेजारच्या काकू एक कोळवं तांदूळ उसने मागायला आल्या आणि आईकडे भरलेला एक शेरच होता, तर उरणार किती? शेरात तर कोळवं दिसत नाही. आई शेर दोन मापट्यांत ओतायची. एक मापटं बाजूला ठेवायची. दुसरं दोन चिपट्यांत. एक चिपटं बाजूला. दुसरं दोन कोळव्यांत. त्यातलं एक काकूंच्या ताटलीत. आता ओट्यावर उरलं एक मापटं, एक चिपटं, एक कोळवं. १/२, १/४ आणि १/८, म्हणजे आठात ४, २ आणि १, एकूण ७/८. शाळेत १ वजा १/८ करताना एकाचे ८/८ करून घ्या असं सांगतात, ते हेच. मुलाला जमत नसेल तर वही मिटा आणि त्याला तांदूळ आणि चार मापं द्या. मापटी नसली तर कपांचा संच चालेल.

या जुन्या मापांत सगळं अर्ध्याने तुटतं. रुपयाही तसाच होता, सोळा आण्यांचा. अर्धा म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार, पाऊण म्हणजे बारा. १ एप्रिल १९५७ ला शंभर पैशांचा रुपया आला तरी 'चार आणे, आठ आणे' बोलण्यात टिकून राहिलं, कारण सोळा निम्मा करत गेलं की अडत नाही: आठ, चार, दोन, एक. आणि योगायोग असा की पाश्चात्त्य कपातही सोळाच मोठे चमचे, म्हणजे टेबलस्पून, बसतात. म्हणून मी कपाला रुपया समजते आणि मोठ्या चमच्याला आणा. पाव कप म्हणजे चार चमचे, चार आणे. १/८ कप म्हणजे दोन चमचे, दोन आणे. बायकांना हे एकदा सांगितलं की पुन्हा विचारायला येत नाहीत.

अडतं ते तृतीयांशाशी. आपल्या रोजच्या मापांत तिसरा हिस्सा नव्हताच, त्याला पाव-पाऊणसारखा घरगुती शब्दही नाही. तो कपांच्या संचातून आणि केकच्या कृतींतून घरात आला. सोळाचे तीन सारखे भाग होत नाहीत. इथे आणखी एक पायरी खाली उतरायचं: एका मोठ्या चमच्यात तीन लहान चमचे, म्हणजे टीस्पून. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. एक कप म्हणजे ४८ लहान चमचे. अठ्ठेचाळीसचे दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा, सगळे भाग पूर्ण होतात. स्वयंपाकघरात लागणारा जवळजवळ प्रत्येक छेद यात मावतो.

माझ्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ही चिठ्ठी चिकटवलेली आहे:

१ कप = ४८ लहान चमचे
३/४ कप = ३६
२/३ कप = ३२
१/२ कप = २४
१/३ कप = १६
१/४ कप = १२
१/८ कप = ६
१ मोठा चमचा = ३

माझी लाडवांची बेरीज आता करून बघा. अर्धा आणि तृतीयांश: २४ आणि १६, ४० लहान चमचे. अठ्ठेचाळीसातले चाळीस, म्हणजे ५/६ कप. एका कपाला थोडी कमी. दोन पंचमांशाच्या दुपटीहूनही जास्त!

भाचीचं गणितही तसंच. पाऊण कप ३६, घातलेले १६, उरले २०. वीस चमचे मोजत बसायचे नाहीत, मोठ्या मापापासून खाली यायचं. वीसात पाव कपाचे १२ जातात, उरले ८. आठात मोठे चमचे दोन, म्हणजे ६, उरले २. पाव कप, दोन मोठे, दोन लहान. सुटे पैसे देताना आधी मोठी नोट, मग लहान, शेवटी नाणी, तोच क्रम. लहान चमचे जितके कमी वेळा भरावे लागतील तितकी चूक कमी, कारण प्रत्येक वेळी चमचा भरताना थोडं कमीजास्त होतंच.

आता एका गोष्टीवर थांबायलाच हवं, कारण गणित बरोबर येऊनही पदार्थ इथे बिघडतो. आपली वाटी गोल बुडाची असते. अर्धी वाटी म्हणून आपण ती अर्ध्या उंचीपर्यंत भरतो, आणि ते अर्धं नसतं. अगदी अर्धगोल वाटी अर्ध्या उंचीपर्यंत भरली तर तिच्यात पूर्ण मापाचा ५/१६ भागच येतो. सोळा आण्यांत पाच आणे. तिसरा हिस्साही नाही! बूड निमुळतं, वरचा भाग रुंद, म्हणून बहुतेक माल वरच्या अर्ध्यात असतो. घरी खात्री करून घ्या: वाटी निम्म्या उंचीपर्यंत पाण्याने भरा, ते दुसऱ्या भांड्यात ओता, पुन्हा तेवढीच भरून ओता आणि मग दोन्ही मिळालेलं पाणी त्याच वाटीत परत घाला. काठापर्यंत येणार नाही.

म्हणून अर्धं आणि पाव सरळ उभ्या कडांच्या भांड्यात मोजा. सरळ कडांच्या स्टीलच्या डब्यात किंवा पेल्यात अर्ध्या उंचीला खरोखर अर्धं असतं. पाणी, दूध, तेल असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. काठोकाठ भरलेला सरळ पेला हळूहळू तिरका करून ओतत जा. पाण्याची रेघ एका बाजूला काठाला आणि समोरच्या बाजूला बुडाच्या कडेला टेकली की थांबा. आत बरोबर अर्धं उरलेलं असतं, खुणेची पट्टी लागत नाही. मात्र पेला वर रुंद होत जाणारा असेल तर हे जमत नाही, तसल्या पेल्याच्या नादी लागू नका.

दुसरं, तुमची वाटी किती मिलीची आहे ते एकदा मोजून तिच्या बुडाशी लिहून ठेवा. माझी १८० मिलीची आहे, म्हणजे ५ मिलीचे ३६ लहान चमचे. तिच्यात अर्धी वाटी १८ चमचे, तिसरा हिस्सा १२, पाव ९. कृतीत कप लिहिलाय आणि हातात वाटी आहे, तर दोघांची भेसळ करू नका. साखर वाटीने आणि दूध कपाने घेतलं की सगळं प्रमाण हलतं. एकाच भांड्याने सगळं मोजलं तर ते भांडं लहान आहे की मोठं याने बिघडत नाही. आणि चमचा शीग लावून भरायचा की सपाट, ते आधी ठरवा. मी नेहमी सपाट घेते, सुरीच्या पाठीने वरचं ओढून टाकते. शिगेचा चमचा कितीचा ते कोणालाच सांगता येत नाही, मग त्याची बेरीज कशाची करणार?

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मैत्रिणींनी एवढं लक्षात ठेवावं: तिथला टेबलस्पून २० मिलीचा असतो, म्हणजे चार लहान चमच्यांचा. माझी वरची चिठ्ठी १५ मिलीच्या टेबलस्पूनची आणि २४० मिलीच्या कपाची आहे. तिथला कप २५० मिलीचा, म्हणून त्यांनी पन्नास लहान चमचे धरावेत. तृतीयांशाला मग पूर्ण चमचे येत नाहीत, तर त्यासाठी संचातला १/३ चा कपच वापरावा.

निम्मं प्रमाण करताना पावाचाही अर्धा लागतो. तो अदपाव, शेराच्या भाषेत नवटाक, आठवा भाग. पाऊण कपाचं निम्मं किती? तीन पाव म्हणजे सहा अदपाव, त्याचे निम्मे तीन अदपाव, ३/८. मोजायला: पाव कप आणि वर दोन मोठे चमचे. दीड कपाचं निम्मं पाऊण, सव्वाचं निम्मं अर्धा कप आणि अदपाव. तृतीयांशाचं निम्मं ८ लहान चमचे, म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान. सोडा, मीठ, वेलची यांच्या पाव चमच्याचं निम्मं करायची वेळ आली तर मी मोजत नाही, सरळ पाटावर पाव चमचा सपाट पसरून सुरीने मधोमध रेघ ओढते आणि अर्धं उचलते.

दोन गणितं करून पाहा. डब्यात पावणेतीन वाट्या रवा आहे. शिऱ्याला सव्वा वाटी काढला, उपम्याला अर्धी. उरला किती? ११ पाव, त्यातून ५ गेले, मग २ गेले. ४ पाव, एक वाटी.

दुसरं: ढोकळ्याला २/३ कप दही आणि नंतर पीठ घट्ट वाटलं म्हणून आणखी १/४ कप. वहीत एकूण किती लिहायचं? ३२ आणि १२, ४४ लहान चमचे. ते ११/१२ कप होतात, पण तसं लिहू नका, पुढच्या वेळी मोजायला तसला कप सापडणार नाही. लिहा 'एक कप, चार लहान चमचे कमी', आणि मोजताना कप सपाट भरून त्यातून चार चमचे परत काढून घ्या.